मनाची दखल, रोजच्या रोज

मन निरोगी असणे म्हणजे ते सदैव प्रसन्न असणे, ही समजूत मला मुळातच पटत नाही. घरात आजारपण असेल, मुलांचा निकाल मनासारखा लागला नसेल, नोकरीत कपातीची कुजबुज सुरू असेल, तर मन अस्वस्थ होणारच, आणि तसे होणे हे त्याच्या शाबूतपणाचेच लक्षण आहे. निरोगी मनाची खूण मी वेगळी मानते. आपल्याला आत्ता नेमके काय वाटते आहे हे वेळेवर कळणे, कळल्यावर क्षणभर थांबता येणे आणि मगच बोलणे किंवा वागणे, एवढे ज्याला साधते त्याचे मन ठीक आहे, मग त्या घडीला त्याच्या डोळ्यांत पाणी का असेना. रोजच्या छोट्या सवयींचा खरा उपयोग मला इथे दिसतो. त्या आपल्याला शांत करतीलच असे नाही. मात्र आत काय चालले आहे याची दखल त्या लवकर घ्यायला लावतात, आणि लवकर दखल घेतलेली अस्वस्थता सहसा भांडणाच्या किंवा आठवडाभराच्या अबोल्याच्या थराला जात नाही.

पुण्यात या विषयावर शिकण्यासारखे पुष्कळ आहे. शिवाजीनगर भागात रमामणी अय्यंगार मेमोरियल योग इन्स्टिट्यूट १९७५ पासून उभी आहे, आळंदीजवळ मरकळला विपश्यनेचे केंद्र आहे आणि तिथे दहा दिवस मौन पाळून बसलेली माणसे माझ्या ओळखीत आहेत. त्या साधनेबद्दल मला आदर आहे. मला लिहायचे आहे ते मात्र अकराव्या दिवसाबद्दल. त्या दिवशी सोमवार असतो, पोळ्यांच्या मावशींचा निरोप येतो की आज जमणार नाही, सासूबाईंच्या गोळ्या संपलेल्या असतात, आणि कर्वे रस्त्यावरून शिवाजीनगरला वेळेत पोहोचायचे असते. मन सांभाळायचे ते या सगळ्याच्या मधोमध, कारण वर्षातले बहुतेक दिवस असेच असतात.

सजगतेचा, म्हणजे आत्ता जे चालले आहे त्याकडे मुद्दाम लक्ष देण्याच्या सरावाचा, आधुनिक वैद्यकातला प्रवेशही अशाच अडचणीतून झाला, हे मला लक्षणीय वाटते. जॉन कबाट-झिन यांनी १९७९ मध्ये अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयात त्यासाठी एक कार्यक्रम सुरू केला. त्यात येणाऱ्या अनेक रुग्णांचे दुखणे जुनाट होते आणि औषधांनी ते पुरते आटोक्यात येत नव्हते. बौद्ध ध्यानपरंपरेतून घेतलेल्या या पद्धतीत सुरुवातीलाच एक साधा प्रयोग करायला लावतात: एक मनुका हातात घ्यायचा, तो जणू प्रथमच पाहत आहोत अशा नजरेने निरखायचा, त्याचा वास घ्यायचा आणि मग सावकाश खायचा. लक्ष देणे ही शिकण्याची गोष्ट आहे आणि ती शिकायला हाताशी असलेली कोणतीही वस्तू चालते, एवढेच त्यातून सांगायचे असते.

माझ्या घरी मनुक्याचे काम मेथी करते. संध्याकाळी जुडी सोडून बसले की पहिली पाने हातासरशी खुडली जातात, पण मन दुपारच्या बैठकीतच अडकलेले असते. कोण काय म्हणाले आणि मी काय म्हणायला हवे होते, याची उजळणी चाललेली असते. मग मी मुद्दाम एक काडी उचलून पाहते. मुळाशी चिकटलेली ओली माती, पानाची गार पाठ, जून देठ मोडताना येणारा बारीक आवाज, मध्येच निघालेले पिवळे पान, बोटांना राहणारा कडसर वास. दहा-बारा काड्या होईतो मन पुन्हा बैठकीत गेलेले असते, आणि ते गेले आहे हे लक्षात आले की पुन्हा हातातल्या काडीकडे यायचे. समोर सासूबाई बसलेल्या असतात. त्या अधूनमधून म्हणतात, "आज जुडी चांगली निघाली गं," आणि मी म्हणते, "हो आई, देठ कोवळे आहेत." संध्याकाळचे आमचे संभाषण पुष्कळदा एवढेच असते आणि ते मला पुरते.

मनाचे असे भरकटणे हा कोणाचा दोष नव्हे. मॅथ्यू किलिंग्जवर्थ आणि डॅनियल गिल्बर्ट यांनी २०१० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात २,२५० प्रौढांना दिवसातून अवचित वेळी फोनवरून विचारले जाई की तुम्ही काय करत आहात, मन कुठे आहे आणि कसे वाटते आहे. मिळालेल्या उत्तरांपैकी ४६.९ टक्के वेळा मन हातातल्या कामात नव्हते. माणूस काय करतो आहे यापेक्षा त्याचे मन तिथे आहे की नाही, यावरून त्याच्या समाधानाचा अंदाज अधिक चांगला येत होता, आणि सुखद गोष्टींत रमलेले मनसुद्धा कामात असलेल्या मनापेक्षा अधिक आनंदी आढळले नाही. हा निष्कर्ष मी प्रथम वाचला तेव्हा मला धीर आला. मन एका जागी राहिले नाही म्हणजे आपल्याला हे जमत नाही, असे समजून कितीतरी लोक ध्यान सोडून देतात. वास्तविक गेलेले मन परत आणणे हाच सगळा सराव आहे, आणि ते जितक्या वेळा जाईल तितक्या वेळा सरावाची संधी मिळते.

इथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. भाजी निवडणे, रांगोळी घालणे, तिन्हीसांजेला दिवा लावणे यांत जुन्या बायकांना आपोआप ध्यान घडत असे, असे कौतुकाने लिहिलेले मी बरेचदा वाचते आणि ते मला रुचत नाही. ज्या बाईला दहा माणसांचा स्वयंपाक, आजाऱ्याची उस्तवार आणि उसंतीचा एकही तास नाही, तिला मेथीच्या पानाकडे लक्ष दे असे सांगणे निष्ठूरपणाचे आहे. तिच्या मनाच्या स्वास्थ्याचा पहिला उपाय म्हणजे घरातल्या दुसऱ्या कोणीतरी कणीक मळणे. सजगता कामाच्या ओझ्याला पर्याय नाही, आणि तिच्या नावाखाली ते ओझे निमूटपणे वाहायला कोणी सांगू लागले तर त्याला नकार द्यावा. आमच्या घरी आता मेथीची जुडी आळीपाळीने सगळ्यांच्या वाट्याला येते.

सकाळबद्दल थोडक्यात. जाग आल्यानंतरच्या पहिल्या अर्ध्या-पाऊण तासात शरीरातील कॉर्टिसोल हे संप्रेरक नैसर्गिकरीत्या वाढते. दिवसाला सामोरे जाण्याची ती शरीराची तयारी असते. नेमक्या त्याच वेळी उशाचा फोन उचलून रात्रीतून आलेले सगळे निरोप, अपघातांच्या बातम्या आणि ऑफिसच्या गटावरची कुरबुर वाचली, तर तयारीत असलेल्या शरीराला धोक्याचीच सूचना मिळते. म्हणून फोन रात्री हॉलमध्ये चार्जिंगला लावावा आणि उठल्यावर आधी गॅलरीत जावे. सकाळचा उजेड डोळ्यांवर पडला की मेंदूतील घड्याळाची वेळ लागते आणि त्याचा फायदा रात्रीच्या झोपेला होतो. त्यानंतर चहाचे आधण ठेवायचे आणि चहा होईपर्यंत ओट्यापाशीच थांबायचे. आले किसताना येणारा वास, दूध वर येण्याआधी कडेने उठणारे बारीक बुडबुडे, पहिल्या घोटाची चटका देणारी ऊब, एवढ्यावर लक्ष ठेवले तरी सकाळचे काम झाले. त्या पाच मिनिटांत आपण आज कशा अवस्थेत उठलो आहोत, हेही आपोआप कळते: खांदे जड आहेत का, कालचे काही उरले आहे का, की उगाचच बरे वाटते आहे. कारण सापडले नाही तरी हरकत नाही, नोंद झाली की पुरे.

श्वासाबद्दल मात्र सविस्तर लिहिले पाहिजे, कारण "दीर्घ श्वास घ्या" हा सल्ला सगळे देतात आणि त्याचे काम कसे चालते हे क्वचितच सांगतात. श्वास आत घेताना हृदयाची गती किंचित वाढते आणि सोडताना ती किंचित मंदावते. हे मंदावणे मुख्यतः व्हेगस नावाच्या मज्जातंतूमुळे होते. मेंदूपासून निघून तो हृदय, फुप्फुसे आणि पोटापर्यंत पोहोचतो आणि शरीराला विश्रांतीच्या अवस्थेकडे नेण्यात त्याचा मोठा वाटा असतो. श्वास सोडण्याचा काळ लांबवला की हृदय मंदावण्याचा काळही लांबतो. त्यामुळे महत्त्व आहे ते उच्छ्वासाला. प्रौढ माणूस स्वस्थ बसलेला असताना मिनिटाला साधारण १२ ते २० श्वास घेतो. मनातल्या मनात चार आकडे मोजत श्वास घेतला आणि सहा आकडे मोजत सावकाश सोडला, तर मिनिटाला सुमारे सहा श्वास होतात. असे पाच-सात श्वास झाले की हाताची घट्ट मूठ आपोआप सैल होते, हा अनुभव कोणीही घेऊन पाहावा.

नळस्टॉपच्या सिग्नलला थांबल्यावर दीर्घ श्वास घ्यावा, असे मात्र मी सुचवणार नाही. पुढे पीएमपीची बस, शेजारी रिक्षा, आणि त्यांच्या धुरात पोट भरून श्वास घेण्यात शहाणपण नाही. सिग्नलवर करण्यासारखी वेगळी गोष्ट आहे. दिवा लाल असताना जबडा, खांदे आणि हँडलवरची बोटे, या तीन ठिकाणी लक्ष न्यायचे. दात एकमेकांवर दाबलेले असतात, खांदे कानांपर्यंत चढलेले असतात आणि बोटे गरजेपेक्षा कितीतरी घट्ट आवळलेली असतात. एकेक सोडायचे. मागून हॉर्न वाजतो, त्याने चीड येते, आणि चीड आली हेसुद्धा कळते. श्वासाचा सराव मी ऑफिसच्या पार्किंगमध्ये गाडी लावल्यावर करते, जिन्याकडे निघण्याआधी. कोणाचे लक्षही जात नाही.

काही जणांना श्वासाकडे लक्ष दिले की उलट घाबरल्यासारखे होते. ज्यांना दम्याचा त्रास आहे, धडधडीचे झटके येऊन गेले आहेत किंवा ज्यांच्या आयुष्यात एखादा मोठा आघात झाला आहे, त्यांच्या बाबतीत असे होऊ शकते. त्यांनी श्वासाचा आग्रह धरू नये. डोळे उघडे ठेवून तळपाय जमिनीला टेकवावेत आणि फरशीचा गारवा, खुर्चीच्या पाठीचा आधार, खिडकीतून येणारे आवाज यांकडे लक्ष न्यावे. तेही पुरेसे असते.

आता ज्या सवयीवर माझा सर्वांत अधिक विश्वास आहे तिच्याकडे येते: वाटणाऱ्या भावनेला नेमके नाव देणे. आपण बहुतेक वेळा "टेन्शन आले आहे," "मूड नाही" आणि "कसेतरी होते आहे," या तीन वाक्यांवर भागवतो. त्या तीन वाक्यांच्या पोटात धास्ती असते, रुखरुख असते, हेवा असतो, अपमान असतो, हुरहूर असते, आणि पुष्कळदा नुसती दमणूक असते. प्रत्येकीचा उपाय निराळा असतो. धास्ती वाटत असेल तर माहिती मिळवल्याने ती कमी होते, रुखरुख असेल तर राहून गेलेले काम किंवा राहून गेलेली क्षमायाचना करून टाकावी लागते, अपमान झाला असेल तर ते कोणापाशी तरी बोलावे लागते, आणि दमणुकीला झोपेशिवाय दुसरे औषध नाही. नाव चुकले की उपायही चुकतो. दमलेला माणूस आपल्या आयुष्याचेच काहीतरी बिनसले आहे असे समजून रात्री अकरा वाजता नोकरी सोडण्याचा विचार करू लागतो.

माझी मुलगी बारावीच्या परीक्षेच्या आधी काही दिवस जेवणाच्या ताटावरून उठून जात असे. विचारले की एकच उत्तर: "टेन्शन आलंय." एका रात्री तिच्या खोलीत बसून मी विचारले, "कसलं टेन्शन गं? पेपर अवघड जाईल याचं, की मैत्रिणींचा अभ्यास पुढे गेला याचं?" ती बराच वेळ वहीची कड दुमडत राहिली. मग म्हणाली, "पेपरचं नाही गं आई. कमी पडले तर बाबा काही बोलणार नाहीत, नुसते गप्प बसतील, त्याची धास्ती वाटते." ज्या प्रश्नावर मी वेळापत्रक आखून देण्याच्या बेतात होते, तो अभ्यासाचा प्रश्नच नव्हता. दुसऱ्या दिवशी तिचे बाबा तिच्याशी बोलले आणि त्या बोलण्यात मी गेले नाही. तिची भूक हळूहळू परत आली.

नाव दिल्याने भावनेचा जोर ओसरतो, याला प्रयोगशाळेतूनही दुजोरा मिळाला आहे. मॅथ्यू लीबरमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात लोकांना रागावलेल्या किंवा घाबरलेल्या चेहऱ्यांची छायाचित्रे दाखवून मेंदूतील हालचाल नोंदवली होती. चेहऱ्यावरच्या भावनेला शब्दांत नाव देताना अमिग्डाला या भागाची प्रतिक्रिया कमी झाली. भीतीसारख्या भावनांत आणि धोक्याची चाहूल घेण्यात हा भाग महत्त्वाचा असतो. त्याच वेळी कपाळामागच्या, भाषेशी आणि आवर घालण्याशी संबंधित भागाची हालचाल वाढली. घरात वडीलधारी माणसे "बोलून टाक, मोकळं वाटेल" म्हणतात, त्याचा बराचसा अर्थ या निष्कर्षात मला सापडतो.

बोलायला दर वेळी माणूस मिळत नाही, म्हणून वही. अप्पा बळवंत चौकात मिळणारी साधी दोनशेपानी वही चालते. झोपण्याआधी एकच ओळ लिहायची: केव्हा, काय वाटले, शरीरात कुठे जाणवले आणि त्याआधी काय घडले होते. उदाहरणार्थ, "दुपारी ४, बैठकीनंतर राग, कपाळ जड, माझे बोलणे मध्येच तोडले." सुविचार लिहायचे नाहीत, भाषा सजवायची नाही, कोणाला दाखवायची नाही. काही आठवड्यांनी मागची पाने चाळली की स्वतःबद्दलच्या अशा गोष्टी दिसतात, ज्या त्या त्या दिवशी दिसल्या नसत्या. माझ्या वहीत रविवारच्या संध्याकाळी उदासी ठरलेली होती, आणि ज्या दिवशी डबा खायला उशीर झाला त्या दिवशीच्या नोंदीत कोणाचा ना कोणाचा राग होताच. दुसऱ्या नोंदीचा इलाज तर फारच सोपा निघाला.

दुःखद प्रसंगांविषयी लिहिण्याबाबत मात्र सावधगिरी हवी. जेम्स पेनेबेकर यांनी १९८६ च्या त्यांच्या प्रसिद्ध प्रयोगात विद्यार्थ्यांना सलग चार दिवस, रोज १५ मिनिटे, आयुष्यातील वेदनादायी अनुभवाबद्दल लिहायला सांगितले होते. ज्यांनी घटना आणि भावना दोन्ही लिहिल्या, त्यांच्या पुढील महिन्यांतील दवाखान्याच्या फेऱ्या कमी झाल्या. पण लिहून झाल्याबरोबर त्यांना अधिक खिन्न वाटत होते. हे ठाऊक असले की असे काही लिहिल्यावर डोळे भरून आले तरी माणूस दचकत नाही. तरीही झोपण्याच्या तोंडावर असे लिहू नये, आणि लिहिताना सहन होईनासे झाले तर तिथेच वही मिटावी.

चालण्याची सवय पुणेकरांना निराळी शिकवायला नको, एवढ्या टेकड्या या शहराला लाभल्या आहेत. माझी जवळची टेकडी वेताळ टेकडी, शहरातली सर्वांत उंच. तिथे जाणाऱ्यांना माझी एकच विनंती आहे की जाताना कानातले इअरफोन घरी ठेवावेत. फेब्रुवारी-मार्चमध्ये गिरिपुष्पाच्या निष्पर्ण फांद्यांवर फिकट गुलाबी फुले येतात, गवत वाळून पिवळे होते आणि पायाखालचा मुरूम करकर वाजतो. जून-जुलैत तीच वाट निसरडी हिरवी होते आणि जुन्या खाणीत पाणी साठते. मोराची केका दुरून ऐकू येते आणि मग कोणत्या बाजूने आली याचा आपण शोध घेऊ लागतो. त्या शोधात असलेल्या मनाला कालच्या भांडणाची उजळणी करता येत नाही. पावले, चढ, घाम, वारा, आवाज, असे सगळे एकाच वेळी लक्ष मागत असल्यामुळे ज्यांना डोळे मिटून बसणे जमत नाही त्यांनाही चालताना सजग राहणे सोपे जाते. या टेकडीतून रस्ता आणि बोगदे काढण्याच्या प्रस्तावांना नागरिक विरोध करत आले आहेत. झाडे, पाणी आणि पक्षी यांच्या बाजूने मांडले जाणारे मुद्दे मला पटतातच. परंतु लाखो माणसांच्या मनाला दम खाण्यासाठी उरलेली ही जागा आहे, हा मुद्दाही तितक्याच जोराने मांडला गेला पाहिजे असे मला मनापासून वाटते.

या सवयी अंगवळणी पडायला वेळ लागतो आणि तो किती, यावर एकवीस दिवसांचा जो आकडा सर्रास सांगितला जातो त्यावर विसंबू नये. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधील फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ स्वयंसेवकांच्या नव्या सवयींचा मागोवा घेतला, तेव्हा कृती आपोआप घडू लागण्याचा मध्यवर्ती काळ ६६ दिवसांचा निघाला, आणि माणसामाणसांत तो १८ दिवसांपासून अंदाजे २५४ दिवसांपर्यंत बदलत होता. एखादा दिवस चुकल्याने फारसे बिघडले नाही. त्या अभ्यासातील प्रत्येकाने नवी कृती आधीपासून ठरलेल्या एखाद्या प्रसंगाला जोडली होती, हेच मला त्यातले सर्वांत उपयोगी वाटते. सकाळी सहाला ध्यान करीन, असे ठरवण्यापेक्षा चहाचे आधण ठेवले की, गाडी पार्किंगला लावली की, दाराशी चप्पल काढली की, अशी जोडणी टिकते. एका वेळी एकच सवय घ्यावी. नव्या वर्षाच्या किंवा गुढीपाडव्याच्या मुहूर्तावर पाच संकल्प एकदम करणाऱ्यांची मला काळजी वाटते, कारण ते सुटले की उरणारी अपराधी भावना मूळ अस्वस्थतेत भर घालते.

या सगळ्या सवयी एकट्याने करण्याच्या आहेत असा समज होऊ नये. आठवड्यातून एकदा आपल्या माणसाला फोन करणे आणि तो बोलत असताना दुसरे काही न करणे, हीसुद्धा सजगतेचीच सवय आहे आणि तिचा लाभ दोन माणसांना होतो.

परंतु सवयींच्या कक्षेबाहेरच्याही काही गोष्टी असतात. दोन आठवडे किंवा त्याहून अधिक काळ जवळजवळ रोज मन खिन्न असेल, आवडत्या गोष्टींत रस वाटेनासा झाला असेल, झोप किंवा भूक बिघडली असेल, सतत थकवा असेल, आपण निरुपयोगी आहोत असे वाटत असेल, तर तो नैराश्याचा आजार असू शकतो आणि त्यासाठी डॉक्टरांकडे गेले पाहिजे. चालणे, श्वास आणि वही त्याच्या जोडीला चालतील, त्याच्या जागी नाही. आत्महत्येचे विचार येत असतील तर दोन आठवडे मोजत बसू नये, त्याच दिवशी मदत घ्यावी. या शहरात "येरवड्याला पाठवायला पाहिजे" हे वाक्य पिढ्यानपिढ्या चेष्टेत वापरले गेले आहे, आणि मनोरुग्णालयाच्या नावाने केलेल्या त्या एका चेष्टेमुळे किती माणसे दवाखान्याच्या दारातून मागे फिरली असतील, या विचाराने मला फार वाईट वाटते. आपल्या घरात तरी ते वाक्य बंद व्हावे. मानसिक आरोग्यसेवा कायदा २०१७ नुसार मानसिक आजारावर उपचार मिळणे हा प्रत्येकाचा हक्क आहे आणि विमा कंपन्यांनी शारीरिक आजारांप्रमाणेच मानसिक आजारांनाही संरक्षण देणे बंधनकारक आहे.

मानसिक त्रासात फोनवरून मदत देणारी केंद्र सरकारची टेलिमानस ही सेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. १४४१६ हा तिचा क्रमांक, दिवसरात्र केव्हाही लागतो, पैसे पडत नाहीत आणि मराठीतून बोलता येते. ससून रुग्णालयात मानसोपचार विभाग आहे. पहिल्या भेटीत डॉक्टर विचारतात ते साधारण असे: त्रास केव्हापासून आहे, झोप किती लागते, भूक कशी आहे, कामावर काय परिणाम झाला आहे, जीव देण्याचे विचार येतात का. यांतील बऱ्याच प्रश्नांची उत्तरे रात्रीच्या त्या एका ओळीच्या नोंदींत सापडतात, म्हणून वही बरोबर न्यावी. घरच्यांनी सोबत जावे, पण रुग्णाची इच्छा असेल तर बाहेर बसावे. जीव देण्याच्या विचारांबद्दल घरच्यांनी थेट विचारण्यास कचरू नये. विचारल्याने असे विचार मनात भरवले जात नाहीत, उलट सांगण्याची वाट मोकळी होते. गोळ्या सुरू झाल्या तर नैराश्यावरील औषधांचा गुण यायला काही आठवडे लागतात, आणि बरे वाटू लागले तरी त्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करू नयेत.